बारा मोजून एक सूर

भाड्याचं घर बघायला आम्ही पहिल्यांदा गेलो, तेव्हा मालकांनी माझं नाव विचारलं नाही, गाव विचारलं नाही, नोकरीही विचारली नाही. दारातच उजव्या हाताचा तळवा माझ्या छातीवर ठेवला आणि म्हणाले,

"पावणं, बोला कायतरी."

मी गडबडलो. आयुष्यभर भूगोल शिकवलेल्या माणसाला अचानक बोलायला सांगितलं की जे तोंडात असतं तेच बाहेर येतं. मी म्हणालो, "कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती..."

मालकांनी डोळे मिटले होते. पंचगंगा पूर्ण होईपर्यंत त्यांनी हात काढला नाही.

"प्रेशर कमी हाय," ते म्हणाले. "पण एकसारखं हाय. चालंल. घर दिलं."

जिना उतरताना बायको पदरात हसत होती. म्हणाली, "लग्नाला एवढी वर्षं झाली, तुमच्याबद्दल नेमकं काय सांगावं मला कधी सुचलं नाही. यांनी दोन वाक्यांत सांगितलं."

मागचा भाडेकरू म्हणे फार प्रेशरचा होता, घरात रोज आरडाओरडा. मालकांना काही ऐकू यायचं नाही, पण जिन्याच्या भिंतीला हात लावला की वर काय चाललंय ते त्यांना कळायचं. "रोज सेफ्टी वॉल उडायचा तेचा," ते सांगायचे. "मी म्हटलं, बाबा, भिंतीला तडा जाईल. दुसरी खोली बघ."

कोल्हापुरात कळंब्याच्या बाजूच्या त्या घरात आम्ही सात वर्षं काढली. मालकांना सगळी गल्ली मामा म्हणायची, त्यांच्या बायकोला मामी. आम्हीही तेच म्हणायला लागलो. कागलकडच्या एका साखर कारखान्यात मामांची सगळी नोकरी बॉयलरवर गेली होती. बॉयलर सांभाळायचा आणि पाळी बदलताना भोंगा द्यायचा, हे त्यांचं काम. साखळी ओढायची, मनात बारा मोजायचे, सोडायची. आसपासच्या गावांतल्या बायका त्या आवाजावर चुली पेटवायच्या, पोरं शाळेला निघायची. एका सुराचं वाद्य, पण श्रोते पंचक्रोशीभर. आमच्या भूगोलाला एवढी पटसंख्या कधी लाभली नाही.

निवृत्त झाले तरी हाताची सवय गेली नव्हती. सकाळी आठ आणि दुपारी चार वाजले की मामा असतील तिथं थांबायचे आणि त्यांचा उजवा हात अर्धवट वर जायचा. दाढी चालू असली तर वस्तरा हवेत. एकदा चारच्या ठोक्याला ते मंडईत होते. मेथीची जुडी हातात धरून तसेच उभे राहिले. भाजीवाली म्हणाली, "काय मामा, शपथ घेतासा काय? मेथी चांगलीच हाय."

कानाला मशीन लावून बघितलं नव्हतं असं नाही. पेठ वडगावला राहणाऱ्या मुलानं चांगलं भारीचं आणून दिलं होतं. मामांनी ते एक दिवस घातलं आणि साखरेच्या रिकाम्या डब्यात ठेवून दिलं. "लय कचरा ऐकू येतोय," ते म्हणाले. "आन् समद्यांचा आवाज पत्र्याचा." त्यांच्याशी बोलायचं म्हणजे समोर उभं राहून, ओठ नीट हलवत, ठणाणा ओरडायचं. त्यामुळं आमच्या घरात आणि त्यांच्या घरात काहीच खासगी उरलं नव्हतं.

आता माझ्या संगीताबद्दल सांगितलं पाहिजे. तसं सांगण्यासारखं काही नाही, पण सांगितल्याशिवाय पुढं जाता येत नाही. पन्नाशी जवळ आली की काही माणसं चालायला लागतात, काही गीता वाचतात. मला वाटलं, आपण बासरी शिकावी. बासरी आणायचीही गरज नव्हती. माझ्या नववीतल्या मुलीनं माझ्या फोनवर एक ॲप घालून दिलं. पडद्यावर चार गोल. फोनच्या बुडाशी, जिथं आपण बोलतो त्या बारीक भोकात फुंकर मारायची आणि बोटांनी ते गोल झाकायचे, उघडायचे. फोन शिट्टीसारखा वाजतो. वरच्या बाजूला एक रेष पळत असते, सूर चढला की चढते, उतरला की उतरते. फुंकर हलली की रेषही थरथरते.

माझी रेष पंधरा दिवस थरथरतच होती. मुलगी म्हणाली, "बाबा, हा सह्याद्री झाला. आपल्याला दख्खनचं पठार पाहिजे."

एके संध्याकाळी मी मुलीला शेजारी घेऊन गॅलरीत बसून फोनच्या बुडात फुंकत होतो. मामा जिन्यावरून वर आले. बराच वेळ बघत राहिले.

"लय गरम झालाय काय वो?"

"काय?"

"फोन. चा निववत्यात तसं फुकायलासा."

मी ओरडून ओरडून सगळं समजावलं. समोरच्या गच्चीवरच्या माणसालाही समजलं. मामांनी फोन हातात घेतला, उलटापालटा केला, गोल मोजले. बॉयलरच्या व्हॉल्व्हला ते वॉल म्हणायचे.

"चार वॉल. बास?"

"बास."

त्यांनी सदऱ्याला फोन पुसला, डोळे मिटले आणि फुंकर सोडली. मनात बारा मोजत असणार, कारण तेवढ्याच वेळानं थांबले. आम्ही बापलेक पडद्याकडं बघत राहिलो. रेष पडद्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत पट्टीनं आखल्यासारखी सरळ गेली होती. ॲपनं आपण होऊन पाच चांदण्या उधळल्या. मला पंधरा दिवसांत एकही मिळाली नव्हती.

"आधी प्रेशर, मग आवाज," मामा मला म्हणाले. "तुमचं उलटं चाललंय, गुर्जी."

गुरुजी फक्त नावापुरता उरलो. दुसऱ्या दिवसापासून मी फोन पुसून देणारा माणूस झालो. पुढं माझा जुना, काचेला तडा गेलेला फोन मामांना देऊन टाकला. तडा नेमका तीन नंबरच्या गोलावरून गेला होता. मामांना तो आवडला. म्हणाले, "ह्यो वॉल बोटाला आपसूक घावतोय."

रोज सकाळी आठला आणि दुपारी चारला आमच्या गॅलरीत मामांचा रियाज सुरू झाला. एकदा पंख्याखाली फोन चालू ठेवून ते पाणी प्यायला गेले आणि पंख्याच्या वाऱ्यानं फोन आपला आपण वाजायला लागला. मुलीनं धावत जाऊन त्यांना दाखवलं. मामा हात बांधून उभे राहिले, पळणाऱ्या रेषेकडं बघत म्हणाले, "हेला पगार चालू करा."

हे सगळं कशासाठी, हे मात्र मला दोन आठवड्यांनी कळलं.

त्यांची नात बाळंतपणाला आली होती. माहेर पेठ वडगावचं, पण चांगला दवाखाना जवळ हवा म्हणून आजीकडं कोल्हापुरात. सातवा महिना होता, घरात डोहाळजेवण चाललं होतं. बायका आत, आम्ही दोघं पुरुष बाहेर पायरीवर. मामांनी विचारलं,

"गुर्जी, मामीचा पाळणा ऐकलायसा काय?"

ऐकला होता. गल्लीत सगळ्यांनीच ऐकला होता. मामींच्या पाळण्याशिवाय आमच्याकडं कुणाचं बारसं व्हायचं नाही. त्यांच्या आईकडून आलेला पाळणा, लांबलचक, पाच कडव्यांचा.

"ऐकलाय की."

"कसा हाय?"

मी शब्द शोधले. डोंगर कसा आहे, नदी कशी आहे, हे मला सांगता येतं. "चांगला आहे," मी ओरडलो.

"चांगला हाय ते समदी गल्ली सांगती," मामा म्हणाले. "माझ्या तिन्ही पोरांच्या बारशाला मी बॉयलरवर हुतो. तिन्ही हंगामातली. हंगामात बॉयलर थंड करता येत न्हाय, गुर्जी. मनात म्हणायचो, फुडच्या बारशाला ऐकू. हंगाम संपलं तवर कान बी संपलं." मग स्वतःच्या बोटांकडं बघत म्हणाले, "ऐकायचं तर ऱ्हायलंच. आता ह्या नातीच्या पोराला ती पाळणा म्हणंल तवा संगट वाजवायचा. कानाला न्हाय तर न्हाय, बोटाला तरी कळंल कसा हाय त्यो."

त्या दिवसापासून आमचं घर कामाला लागलं. ॲपला ऐकायची सोय होती. समोर कुणी गायलं की तेवढ्या सुरांची रेष काढायचं. माझ्या बायकोला मामींचा पाळणा बऱ्यापैकी पाठ होता. दार लावून ती फोनसमोर गायली, मुलीनं रेष बघून कुठं कोणता गोल झाकायचा ते लिहून काढलं. मामांनी ते जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर स्वतःच्या भाषेत उतरवलं. एक दोन बंद, तीन अर्धा, चार चालू. बॉयलरवर लॉगबुक असतं तसं, खाली सहीसकट.

बोटं आठ दिवसांत बसली. अडलं ते भलत्याच ठिकाणी.

मामा प्रत्येक सूर बारा मोजून वाजवायचे. पाळण्यात सूर कुठं लांब, कुठं आखूड. मुलगी म्हणायची, "आजोबा, इथं नुसतं टुक, टुक, टुक." मामा मान हलवायचे आणि पुन्हा बारा मोजायचे. एक कडवं संपायला चहाचं आधण उकळून आटायचं. मला वाटलं, त्यांना ऐकू येत नाही म्हणून असेल. मी माझ्या वर्गातल्या पद्धतीनं त्यांच्यासमोर उभा राहून टाळ्या वाजवून दाखवल्या, टा, टा, टा. मामांनी फोन खाली ठेवला.

"तीन आखूड म्हंजे अपघात," ते म्हणाले.

कारखान्याचा तो नियम होता. लांब भोंगा पाळीचा. तीन आखूड दिले की काहीतरी घडलंय, असेल तिथनं पळत या. सगळ्या नोकरीत मामांनी ते एकदाच दिले होते. "माणूस वाचला त्यो," ते म्हणाले. "पर आसपासच्या गावच्या बायका भाकरी तव्यावर टाकून गेटवर पळत आल्या. कुणाचा माणूस हाय, कुणालाच म्हाईत न्हाय. तुमची मामी बी आलती. थोरला कडंवर, पायात चप्पल न्हाय. मला बघितलं आन् तिथंच खाली बसली." त्यांनी फोन पुन्हा सदऱ्याला पुसला. "तवापास्नं आखूड सुटतच न्हाय. हितंपतोर येतंय," त्यांनी गळ्याला बोट लावलं, "आन् लांबतंय."

मी टाळ्या वाजवलेले हात मागं लपवले.

मामींना काही कळू द्यायचं नाही असं ठरलं होतं. रोजची शिट्टी म्हणजे म्हाताऱ्याचा नवा खेळ, एवढीच त्यांची समजूत होती; बारा बारा मोजलेल्या सुरांत चाल ओळखू येतच नव्हती. पण चौथ्या कडव्याचं एक वळण माझ्या बायकोला आठवेना. ती सरळ मामींकडं गेली आणि म्हणून दाखवा म्हणाली. मामी अर्धं कडवं गायल्या, मग थांबल्या. नातीला अजून दीड महिना होता. गल्लीत दुसरं कुणाचं बारसं नव्हतं.

"कशाला गं पाहिजे तुला?"

माझ्या बायकोला खोटं बोलता येत नाही. मी तिच्याशी बोलतो तेव्हाच तिला ते कसं जमतं, कुणास ठाऊक.

मामी तरातरा वर आल्या. चार वाजलेले, मामा गॅलरीत, समोर लॉगबुक. मामींनी कॅलेंडरचा कागद बघितला, फोन बघितला, आमच्या तिघांची तोंडं बघितली.

"माझी चाल चोरून त्या डबड्यात भरलासा व्हय?"

मामांना ऐकू आलं नाही, पण तोंड बघून समजलं. ते फक्त म्हणाले, "बारशाला संगट वाजीवतो म्हटलं."

"बारशाला माणसं जेवायला येत्यात. सर्कस बघायला न्हाय येत. मी न्हाय म्हणणार संगट."

मामा भांडले नाहीत. दुसऱ्या दिवशी आठला नेहमीसारखे गॅलरीत बसले, पण फोन बंद. काळ्या पडद्यावर चारही बोटं फिरत होती, एक दोन बंद, तीन अर्धा. ओठ मिटलेले. मला ते बघवेना, आणि मला काही बघवलं नाही की मी मध्ये पडतो. खाली जाऊन मी मामींना कुटुंब, कला आणि उतारवय या विषयांवर बरंच काही सांगितलं. त्या शेंगा फोडत होत्या.

"गुर्जी," त्या म्हणाल्या, "तुमी भूगोल शिकवा."

मी उठलो. तेव्हा मागून म्हणाल्या, "त्यास्नी ऐकू येत न्हाय. मी फुडं गेले तर कळायचं न्हाय त्यास्नी. एकटंच मागं फुकत बसत्याल. बायका लय वंगाळ असत्यात, तोंडावर हसत्यात. मला हसल्या तर मी दोन शिव्या घालीन. त्यास्नी हसल्यालं मला खपायचं न्हाय." आणि शेंग फोडून दाणे माझ्या हातावर ठेवले.

हे मामांना सांगावं तर ओरडून सांगावं लागणार, म्हणजे मामींना ऐकू जाणार. मी दाणे खाल्ले आणि वर आलो.

नात बाळंत झाली. मुलगी झाली. बाराव्या दिवशी त्यांच्याच पुढच्या खोलीत बारसं. खोली बायकांनी गच्च भरलेली, पुरुष नेहमीप्रमाणे दाराबाहेर चपलांच्या राखणीला. मामा इस्त्रीचं धोतर नेसून, डोक्याला टोपी घालून माझ्या शेजारच्या प्लास्टिकच्या खुर्चीत. सदऱ्याच्या खिशात फोनचा चौकोन दिसत होता.

बाळाला पाळण्याखालून वरून फिरवून झालं. आत्यानं कानात कुर्र करून नाव सांगितलं आणि बायकांनी तिच्या पाठीत असे धपाटे घातले की मला लांबूनच कळ आली. घुगऱ्यांच्या द्रोणांची ताटं फिरायला लागली. मग सगळ्या शांत झाल्या. मामींनी पाळण्याची दोरी हातात घेतली, घसा खाकरला, पहिली ओळ म्हटली आणि थांबल्या.

बायकांना वाटलं, विसरल्या. एक जण पुढची ओळ सुचवायला लागली. मामींनी तिच्याकडं बघितलंही नाही. त्या दाराकडं बघत होत्या.

"आवो," त्या म्हणाल्या, "या की हिकडं. का पत्रिका धाडू?"

सगळ्या माना दाराकडं वळल्या. मामा घुगऱ्या खात होते. मी त्यांना कोपरानं ढोसलं आणि आत बोट दाखवलं. ते उठले, द्रोण माझ्या हातात दिला, हात धोतराला पुसले आणि बायकांतून वाट काढत पाळण्यापाशी जाऊन मांडी घालून बसले. खिशातून फोन काढला. मग छताकडं बघितलं.

"पंखा बंद करा," ते म्हणाले. "न्हायतर त्योच वाजीवतोय."

मे महिना होता. बायका कुरकुरल्या, पण पंखा बंद झाला. मामांनी डोळे मिटून फुंकर सोडली. बारा. फोनचा बारीक, गोल आवाज खोलीत सरळ उभा राहिला. आणि मामींनी त्या सुरावर पाळण्याचं पहिलं अक्षर धरलं, तो संपेपर्यंत धरून ठेवलं. मग दुसरं अक्षर, दुसरा सूर. बारा. आयुष्यभर झरझर म्हटलेला पाळणा त्या एका एका अक्षरानं म्हणत होत्या, नजर नवऱ्याच्या बोटांवर. गोल उघडला की त्या पुढं जायच्या, नाही उघडला तर थांबायच्या.

पहिल्या कडव्याला कोपऱ्यातून कुणीतरी म्हणालीच, "मामी, पाळणा संपंपतोर पोरगी धाव्वीला बसंल की वो!" खोलीभर हसू पसरलं. मामींनी न थांबता डोळे वटारले. दुसऱ्या कडव्यापासून इतर बायकाही त्याच संथ चालीत मिसळल्या. घामानं सगळ्यांची कपाळं चमकत होती. नातीची मुलगी गाढ झोपली. पाळण्याचं खरं काम तेच असतं, पण मी बघितलेल्या बारशांत ते होताना पहिल्यांदाच दिसलं.

तिसऱ्या कडव्यात ते टुक, टुक, टुक होतं. मामींनी दोरी नातीच्या हातात दिली, उजवा हात मामांच्या गुडघ्यावर ठेवला आणि बोटानं तीनदा वाजवलं. हलकेच, दार वाजवावं तसं. मामांनी डोळे उघडले. मामींकडं बघितलं. त्यांनी मानेनं सांगितलं, सोडा.

आणि त्यांनी सोडले. तीन आखूड सूर, पाठोपाठ. शेवटचा जरा कापरा. सोडले आणि मामांनी दचकून दाराकडं बघितलं.

कुणी पळत आलं नव्हतं. दारात मी उभा होतो, दोन्ही हातांत दोन द्रोण घेऊन. बायका जागच्या जागी होत्या, बाहेर पुरुष घुगऱ्या खात होते. मामांनी सगळी खोली एकदा नीट बघून घेतली, कुणी कमी तर नाही ना, अशी. मग पुढचा सूर धरला.

पाचवं कडवं संपायला अर्ध्या तासावर वेळ लागला. पंखा चालू झाला, बायका पदरानं घाम पुसत जेवायच्या पानांकडं पळाल्या. मामी मामांसमोर तशाच बसून होत्या. त्यांनी एकदा नाक ओढलं आणि म्हणाल्या,

"तिसऱ्या कडव्याला गडबड केलासा."

मामांनी माझ्याकडं बघितलं. "काय म्हणती?"

मी पुढं झालो, वाकलो आणि वर्गातल्या शेवटच्या बाकापर्यंत जाईल अशा आवाजात ओरडलो, "तिसऱ्या कडव्याला गडबड झाली म्हणतात!"

जेवायला बसलेल्या सगळ्या बायका माना वळवून बघायला लागल्या. मामांनी शांतपणे फोन सदऱ्याला पुसला, खिशात ठेवला आणि पाळण्याची दोरी धरून बसलेल्या, बारा दिवसांच्या ओल्या बाळंतिणीकडं बघितलं.

"दुसरं हू दे गं लवकर," ते म्हणाले. "एक दुरुस्ती ऱ्हायलीया."